विहिरीवरची फुंकर

माझं डोकं लवकर तापतं, हे मला मान्य आहे. अमरावतीच्या राजापेठेत माझ्या दुकानासमोर कोणी गाडी आडवी लावली की मी आधी ओरडते आणि मग बघते गाडी कोणाची आहे ते. एकदा ती माझ्याच नवऱ्याची निघाली. तरी ओरडणं काही मी अर्ध्यात सोडलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे घडलं त्यात या डोक्याचा मोठा वाटा आहे.

माझा धंदा हवा मोजणारी यंत्रं दुरुस्त करायचा. गाडीची पीयूसी काढायला तुम्ही जाता, तिथला माणूस सायलेन्सरमध्ये एक नळी खुपसतो आणि यंत्रावर आकडे येतात. ते यंत्र रुसलं की मला फोन येतो. अमरावती, दर्यापूर, अकोला आणि मधली गावं. जवळ असेल तर स्कूटी, लांब असेल तर बस, आणि पाठीवर बॅग. याशिवाय तेलगिरण्यांत, कोल्ड स्टोरेजमध्ये हातात मावणारे छोटे मीटर असतात. टाकीत नाहीतर खड्ड्यात माणूस उतरायच्या आधी तो मीटर दोरीला बांधून खाली सोडायचा. खाली ऑक्सिजन कमी असला की मीटर कोकलायला लागतो. मग माणसानं उतरायचं नाही, एवढी साधी गोष्ट.

मोकळ्या चांगल्या हवेत ऑक्सिजन असतो वीस पॉइंट नऊ टक्के. अमरावतीत तेवढाच आणि अकोल्याच्या भट्टीसारख्या उन्हातही तेवढाच. गेल्या वीसेक वर्षांत हा आकडा मी देवाच्या नावापेक्षा जास्त वेळा घेतला असेल. आमच्या घरी कोणी 'कसं काय, बरं आहे ना?' विचारलं तर पोरं उत्तर देतात, 'वीस पॉइंट नऊ.'

हा आकडा दाखवणारा सेन्सर म्हणजे बाटलीच्या झाकणाएवढी एक डबी. ती फार जगत नाही. पाकीट फोडलं की मुरमुऱ्याचा पुडा उघडा ठेवल्यासारखं होतं, वापरा नाहीतर कपाटात ठेवा, ती सादळतच जाते. दोन वर्षांत बदलावी लागते. यात एक मोठी खोट आहे. मरायला टेकलेला सेन्सरसुद्धा बटण दाबून वीस पॉइंट नऊ दाखवायला लावता येतो. आमच्यात त्याला 'खेचणं' म्हणतात. खेचलेला सेन्सर मोकळ्या हवेत अगदी शहाण्यासारखा वागतो. खराब हवेत नेला की मात्र तो सुस्त. आकडा खाली यायला पाच पाच मिनिटं घेतो, आणि तेवढ्या वेळात वरची माणसं म्हणतात, चला, सगळं ठीक आहे.

हे मला शिकवलं अकोल्याच्या काकाजींनी. ते माझे सख्खे काका नव्हेत. एका कारखान्यात सगळं आयुष्य मीटर दुरुस्त करून ते निवृत्त झाले होते आणि घराच्या पुढच्या खोलीत बाहेरची कामं घेत होते. मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून घरी बसले होते, कारण जिथे जाईन तिथे एकच प्रश्न, पोरगी शिडीवर चढेल का? काकाजींनाही शेजारच्यानं तेच विचारलं. ते म्हणाले, "चढन ना. मी शिडी धरतो." त्या एका वाक्यावर माझं सगळं आयुष्य उभं आहे, हे मी त्यांना अजून नीट सांगू शकलेली नाही. सांगायला गेले की ते विषय बदलतात.

काकाजींचे नियम दोनच. पहिला, सेन्सर बसवायच्या आधी त्याच्या पाठीवर पेनानं तारीख लिहायची. दुसरा, मीटर कोणाचाही असो, कितीही नवा असो, वापरायच्या आधी त्याच्यावर फुंकायचं. आपण जो श्वास बाहेर सोडतो त्यात ऑक्सिजन साधारण सतरा टक्के उरलेला असतो. मीटर दोन्ही तळव्यांत धरून सावकाश लांब फुंकर घातली की दहा-बारा सेकंदांत आकडा वीस पॉइंट नऊवरून धाडकन उतरला पाहिजे. उतरला तर सेन्सर जिवंत, नाही उतरला तर फेकून द्या. काकाजींना दम्याचा त्रास होता. "माह्या फुंकीत दम नाई पोरी, तू फुंक," असं म्हणत त्यांनी दोन वर्षं माझ्याकडून शेकडो मीटरांवर फुंकून घेतलं. मी कधी कंटाळून हळू फुंकलं की ओरडायचे, "चहा थंडा करून राहिली का?"

एका हिवाळ्यात काकाजी आमच्या शेतात रोडग्याच्या, गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांच्या, जेवणाला आले. अमरावतीपासून जवळच आमचं शेत आहे. आम्ही माळी. भाजी थोडी आणि फुलं जास्त, झेंडू आणि शेवंती. बाबांना माझा धंदा काही केल्या समजत नसे. 'हवा काय मोजायची गोष्ट हाये का?' हे त्यांचं नेहमीचं. काकाजींनी वांग्याच्या भाजीचे हात धुतले आणि माझ्या बॅगेतला मीटर काढून बाबांच्या तळव्यात ठेवला. "फुका." बाबांनी फुंकलं. आकडा उतरत उतरत सोळा पॉइंट आठवर आला. काकाजी म्हणाले, "हे पाहा. हवेतलं चार टक्के तुमी ठेवून घेतलं." बाबा एवढे खूश झाले की त्यांनी गड्यांना, शेजाऱ्यांना, आईला, सगळ्यांना बोलावून फुंकायला लावलं. पुढे कितीतरी दिवस ते बाजारात सांगत होते, "माही फुंक सोळा पॉइंट आठ हाये." ऐकणाऱ्यांना काय कळत असेल देव जाणे.

आता मुख्य गोष्ट. तीन वर्षं झाली असतील. दसरा आठ दिवसांवर होता आणि झेंडू ऐन कळीत होता. ऑक्टोबरचं ऊन नुसतं चटके देत होतं. त्यात बोअरची मोटर जळाली. नवी बसवायला मिस्त्री चार दिवस यायला तयार नव्हता, त्याच्या मागे सगळा तालुका लागलेला. माझा धाकटा भाऊ शेत बघतो. त्यानं ठरवलं की मागची जुनी विहीर चालू करायची. पन्नास फूट खोल आहे ती. कधीकाळी तिच्यात वासरू पडलं म्हणून बाबांनी वरून टिनाचे पत्रे घालून बंद केली होती. आत पाणी होतं, जुना पाईपही होता, पण पाईपाच्या तोंडाची जाळी गाळात रुतली होती. खाली उतरून ती मोकळी करायची, एवढंच काम होतं.

मी त्या दिवशी नेमकी शेतात गेले होते, माळा करायला शेवंतीची फुलं आणायला. भावानं दोन पत्रे सरकवले, कमरेला दोरी बांधली. बाबा म्हणाले, "आधी दिवा सोड बाप्पा खाली. इतके वर्स बंद होती." आमच्याकडे ही जुनीच रीत. बादलीत दिवा ठेवून सोडायचा, विझला की कोणी उतरायचं नाही.

झालं, माझं डोकं तापलं. "बाबा, मीटर असतानी दिवा कायले? अकोल्यापासून लोकं मले बोलावतात अन् घरच्याइचाच इस्वास नाई!" मी तरातरा स्कूटीपाशी गेले, बॅगेतून माझा मीटर काढला. वीस पॉइंट नऊ. दोरीला बांधून विहिरीत सोडला, मनात पन्नासपर्यंत मोजलं, वर ओढला. एकदाही कोकलला नाही. वर आला तेव्हा आकडा वीस पॉइंट सात. मी भावाला म्हटलं, "उतर."

फुंकलं नव्हतं मी. काकाजींचा दुसरा नियम, कोणाचाही मीटर असो. गिऱ्हाइकाच्या मीटरावर मी न चुकता फुंकते. पण हा माझा स्वतःचा होता, रोज माझ्याच बॅगेत असणारा. स्वतःच्या मीटरावर कोण फुंकतं?

भाऊ लोखंडी गजांच्या पायऱ्यांवरून उतरायला लागला. माझ्या आवाजापुढे बाबा बोलत नाहीत, हे मला त्या दिवसापासून फार लागतं. त्यांनी फक्त हात पुढे केला. "दे मले तो. काकाजीनं शिकवलं तसं पाहतो." मी वैतागून मीटर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही तळव्यांत धरला, डोळे मिटले आणि जशी त्या रोडग्याच्या दिवशी घातली होती तशी लांब फुंकर घातली. मग डोळे उघडून आकडा पाहिला. पुन्हा फुंकलं. पुन्हा पाहिलं.

"काहून वं, उतरत नाई हा," ते म्हणाले. "माह्या फुंकीत दम नाई राह्यला वाटते. तू फुंक."

मी मीटर हिसकावून घेतला. फुंकलं. वीस पॉइंट आठ. छाती रिकामी होईपर्यंत फुंकलं. वीस पॉइंट सहा. तिथेच अडला. भाऊ तोवर पाच-सहा पायऱ्या उतरला होता, त्याचं डोकं जमिनीच्या खाली दिसत होतं.

"वर ये! बैताडा, आधी वर ये!"

तो हसला. "अवो ताई, आत्ताच तं म्हने उतर."

"आता म्हनतो वर ये!"

"दोन मिनिटाचं काम हाये, करूनच येतो." आणि त्यानं आणखी एक पायरी खाली पाय टाकला. जिद्दी आहे तो, माझाच भाऊ. मी ओरडत होते, रडत होते, काय बोलत होते मला आठवत नाही. बाबा मात्र ओरडले नाहीत. त्यांनी चपला काढल्या, विहिरीच्या काठावर बसले आणि पहिल्या गजावर पाय ठेवला. सत्तरी ओलांडलेला माणूस. खाली बघून म्हणाले, "तू उतर बाप्पा. मी तुह्या मांगंच येतो."

भाऊ थांबला. वर बघितलं त्यानं. मग निमूटपणे चढून आला.

मी तिथेच मातीत बसून बॅगेतला स्क्रूड्रायव्हर काढला आणि मीटर उघडला. सेन्सरच्या पाठीवर तारीख होती. माझ्याच अक्षरात, माझ्याच पेनानं. पावणेतीन वर्षांपूर्वीची.

एका क्षणात सगळं आठवलं. तीन महिन्यांपूर्वी मी अकोल्यात एका तेलगिरणीत गेले होते. त्यांच्या मीटरातला सेन्सर मेला होता, तोच हा, मीच कधीकाळी बसवलेला. नवा यायचा होता, पार्सल रस्त्यात अडकलेलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चार माणसं टाकी साफ करायला उतरणार होती. मी माझ्या मीटरातला चांगला सेन्सर काढून त्यांना बसवून दिला. त्यांचा मेलेला माझ्या मीटरात टाकला. पण तो कमी आकडा दाखवून सारखा कोकलत होता, आणि मला अमरावतीची बस पकडायची होती. बसमध्ये बॅग कोकलायला लागली तर लोकं काय म्हणतील, म्हणून मी बटण दाबून त्याला वीस पॉइंट नऊवर खेचला. गप झाला. पार्सल आलं तेव्हा दर्यापूरच्या एकाला तातडी होती, त्याला दिला. दुसरं आलं, तेव्हा आणखी कोणाला तरी. माझा मीटर काय, बॅगेतच तर असतो, उद्या बदलू. शहाण्यासारखा वीस पॉइंट नऊ दाखवत तो तीन महिने माझ्या पाठीवर फिरला.

बाबांनी शेतातल्या मुंजा देवापुढची पणती आणली. बादलीत पणती ठेवून त्यांनी हळूहळू दोरी सोडली. आम्ही तिघंही वाकून बघत होतो. साधारण अर्ध्यावर गेली असेल नसेल, ज्योत बारीक झाली आणि विझली. बाबांनी बादली वर घेतली, पुन्हा लावली, पुन्हा सोडली. त्याच जागी विझली. तिसऱ्यांदा त्यांनी लावली नाही.

भावानं कमरेची दोरी सोडून बाजूला टाकली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं आता हा मला शिव्या घालेल, आणि घालाव्यात असंच वाटत होतं. मग तो म्हणाला, "ताई, कसं काय? वीस पॉइंट नऊ?" मला हुंदका आवरेना. बाबांनी त्याच्या पाठीवरून आणि मग माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "चला, चहा मांडा कोनी तरी."

नवा सेन्सर चार दिवसांनी आला. तारीख लिहून बसवला, फुंकून पाहिला आणि बाबांना सोबत घेऊन विहिरीत सोडला. वीस फुटांवरच मीटर असा कोकलायला लागला की बांधावरची कुत्री भुंकायला लागली. खालचा आकडा होता साडेआठ. साडेआठात माणूस पाच मिनिटंही धड उभा राहत नाही. पाय लटपटतात, पायरी सुटते. मग त्याला काढायला दुसरा उतरतो. बाबा उतरले असते. आणि मी वर उभी राहून बघत बसले असते का? मीही उतरले असते. पत्रे सगळे काढून, पंखा लावून, कडुलिंबाच्या फांद्या दोरीला बांधून खालीवर करून त्या विहिरीची हवा चांगली व्हायला आठवडा लागला. झेंडू अर्धा वाळला. मोटरचा मिस्त्री येईपर्यंत टँकरच्या पाण्यावर अर्धा वाचला. त्या दसऱ्याला आमच्या दाराला तोरण जरा विरळच होतं, पण मला तेवढं सुंदर तोरण आजवर दिसलेलं नाही.

आई नारळ घेऊन कौंडण्यपूरला देवीच्या देवळात गेली. मी अकोल्याची बस धरली.

काकाजी आता फार थकले आहेत. खाटेवर बसूनच असतात. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मला वाटलं होतं ते चिडतील. ते आधी म्हणाले, "त्या गिरणीतले चार जन बरे हायेत ना?" मी म्हटलं, हो, बरे आहेत. "मंग सेन्सर देल्ला ते बरोबरच केलं तू. पन आपला मीटर रिकामा ठेवाचा होता. रिकामा मीटर पाहून कोनी विहिरीत उतरत नाई." मग मला म्हणाले, "बापाले माहा नमस्कार सांग. दोन वर्स तुले शिकवलं अन् ध्यानात त्याच्या राह्यलं." मी तिथे त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. या वेळी त्यांनी विषय बदलला नाही. शिडी धरल्याबद्दल जे सांगायचं होतं ते मात्र तेव्हाही बोलता आलं नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

त्यानंतर माझ्यात दोन बदल झाले. बाबा बोलायला लागले की मी तोंड मिटते. सगळ्यांना त्याचं आश्चर्य वाटतं, मलाही. आणि माझा मीटर आता बॅगेत नसतो, दुकानात खिळ्याला टांगलेला असतो, बाहेर निघताना फुंकूनच उचलते.

भाऊ आठवड्यातून दोनदा फुलं घेऊन राजापेठेत येतो. गाडी दुकानासमोर आडवी लावतो. मी ओरडते. तो ऐकतच नाही, सरळ आत येतो, चहा मागायच्या आधी खिळ्यावरचा मीटर काढतो आणि दोन्ही तळव्यांत धरून लांब फुंकर घालतो. मी हातातलं काम सोडून बघत राहते. वीस पॉइंट नऊ, एकोणीस, अठरा, सतरा, सोळा पॉइंट नऊ. तो मीटर माझ्यासमोर धरतो आणि म्हणतो, "घे, पाहून घे." मी पाहून घेते. हवेतले चार टक्के माझ्या भावानं ठेवून घेतलेले असतात. मग मी चहा टाकते.